अफगाणिस्तानला शेपटी का आहे?

नकाशेवेडा (धागालेखक)

लेकीच्या नववीच्या भूगोलासाठी आशियाचा नकाशा रंगवत बसलो होतो. अफगाणिस्तान हिरवा करता करता ती थांबली. "बाबा, ह्याला शेपटी का आहे?" ईशान्येला चीनला जाऊन टेकणारी ती चिंचोळी पट्टी. रंगपेन्सिलीचं टोक फिरवायलाही जागा नाही. "डोंगर आहेत गं तिथे," म्हणून मी वेळ मारून नेली. पण चैन पडेना, म्हणून खरं उत्तर इथे लिहितोय.

ती पट्टी म्हणजे वाखान. लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी जेमतेम पंधरा. वाड्यात दोन भांडकुदळ भाऊबंद सामाईक भिंत नको म्हणून मध्ये बोळ सोडतात ना, तसली ही बोळ आहे. वरच्या अंगाला रशियाचं पामीर, खालच्या अंगाला इंग्रजांचा हिंदुस्थान. दोघांच्या सरहद्दी कुठेही एकमेकींना चिकटू नयेत म्हणून १८९५ साली लंडन आणि सेंट पीटर्सबर्गनं ही पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकली. अमीर अब्दुर रहमान ती घ्यायला फारसा राजी नव्हता. सांभाळायला अवघड, उत्पन्न काही नाही. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव ड्युरंड काबूलला जाऊन आला, त्यात अमीराचा वार्षिक तनखा १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाला आणि बाकीच्या गोष्टींबरोबर हेही गळी उतरलं. तिथल्या वाखी आणि किरगीझ मेंढपाळांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

ही बोळ सोडायची वेळ का आली, त्याचा एक किस्सा. १८९१ च्या ऑगस्टमध्ये बोझाई गुंबझ नावाच्या ठिकाणी यंगहजबंड हा इंग्रज कॅप्टन तंबू ठोकून होता. तिथे कर्नल योनोव्हची रशियन तुकडी आली. दोघांनी एकत्र जेवण केलं, गप्पा मारल्या. तीनेक दिवसांनी तोच योनोव्ह परत आला आणि म्हणाला, ही जागा रशियाची आहे, तुम्हाला निघावं लागेल. यंगहजबंड निमूट निघाला. लंडननं आरडाओरडा केला, रशियानं माफी मागितली, आणि मग सरहद्द आखायची बोलणी खऱ्या अर्थानं सुरू झाली.

त्याआधी १८८५ मध्ये पंजदेहला तर युद्धच व्हायचं राहिलं होतं. पंजदेह आज तुर्कमेनिस्तानात आहे. ३० मार्चला जनरल कोमारोव्हच्या फौजेनं तिथल्या अफगाण सैन्याला झोडपून काढलं. अमीर तेव्हा रावळपिंडीत व्हाइसरॉय डफरिनचा पाहुणा होता. लंडनमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टननं पार्लमेंटकडे १ कोटी १० लाख पौंडांची तरतूद मागितली. हेरातमध्ये तोफांच्या माऱ्याला मोकळं मैदान हवं म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानं मुसल्लाच्या तैमुरी इमारती पाडल्या. राणी गौहरशादनं बांधवलेल्या, पंधराव्या शतकातल्या. आता तिथे मोजके मिनार उरलेत. रशियन फौज हेरातपर्यंत आलीच नाही.

आणि ह्याच भांडणात इंग्रजी आरमारानं कुठे जाऊन ठाण मांडलं? कोरियाच्या दक्षिणेच्या एका बेटावर! गोमुन-दो, तेव्हाचं पोर्ट हॅमिल्टन. रशियाच्या व्लादिवोस्तोकवर नजर ठेवायला. एप्रिल १८८५ ते फेब्रुवारी १८८७ ते तिथे बसून होते. तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात गोळी सुटली आणि कोरियन कोळ्यांच्या दारात पाहुणे येऊन बसले.

मला म्हणायचंय ते एवढंच. पहिल्या महायुद्धाच्या धड्यात आपण दोन चौकोन पाठ करतो, त्रिराष्ट्र करार (जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली) आणि त्रिराष्ट्र मैत्री (इंग्लंड, फ्रान्स, रशिया). जणू युरोपातली सहा घरं एका संध्याकाळी जोड्या लावून मोकळी झाली. त्यातले निम्मे धागे युरोपात विणलेच गेले नाहीत. वसाहतींच्या बांधावरची भांडणं मिटवताना जे कागद झाले, त्यांनाच नंतर दोस्ती म्हणायला लागले. ज्यांना आणखी उदाहरणं ठाऊक आहेत त्यांनी लिहा.

दुपारची_डुलकी

मस्त सुरुवात. ही शेपटी मलाही छळायची. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घोडेस्वार

फशोदा राहिलं की हो! त्याशिवाय इंग्लंड-फ्रान्सची १९०४ ची दिलजमाई कळतच नाही.

नाइलच्या काठावर, आजच्या दक्षिण सुदानमध्ये, एक पडका किल्ला. फ्रेंच कॅप्टन मार्शां आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जवळपास दोन वर्षं रान तुडवत १० जुलै १८९८ ला तिथे पोचला. बरोबर सव्वाशेच्या आसपास सेनेगाली शिपाई आणि मूठभर फ्रेंच अधिकारी. वाटेत नद्या संपल्या तेव्हा आगबोट सुटी करून तिचे तुकडे वाहून नेले. दोन महिन्यांनी उत्तरेकडून किचनर आला. नुकताच ओमदुरमानला सुदानच्या महदी फौजेचा फडशा पाडून. त्याच्याजवळ गनबोटी आणि दीड हजारांच्या घरात माणसं. १९ सप्टेंबरला भेट झाली. दोघं अत्यंत सभ्यपणे बोलले, पेयपान झालं, आणि किचनरनं शहाणपणा असा केला की ब्रिटिश निशाण न लावता इजिप्तचं लावलं. म्हणजे पॅरिसच्या नाकाला झोंबायला नको.

गंमत पुढे आहे. निघताना इंग्रजांनी फ्रेंचांना वाचायला वर्तमानपत्रं दिली. ती ड्रेफस प्रकरणानं, म्हणजे एका ज्यू अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खोट्या आरोपानं, भरलेली. दोन वर्षं रानात काढलेल्या त्या अधिकाऱ्यांना कळलं की आपला देश घरातच पेटलाय.

परराष्ट्रमंत्री देल्कासे तेव्हा नुकताच खुर्चीवर आलेला. त्यानं हिशोब मांडला: समोर जर्मनी, समुद्रावर इंग्लंड, आणि १८९४ पासून दोस्त असलेला रशिया नाइलच्या चिखलासाठी बोटही उचलणार नाही. नोव्हेंबरमध्ये माघारीचा हुकूम गेला. त्याच देल्कासेनं साडेपाच वर्षांनी लंडनशी करार केला. कराराच्या त्याच साली फशोदाचं नावही बदलून कोडोक केलं, म्हणजे फ्रेंचांना आठवण नको.

कोळंबी_करी

१९०४ च्या करारात आमच्या धंद्याचा पण एक विषय आहे, तो कुणी सांगत नाही. शेवंड, म्हणजे लॉबस्टर!

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर फ्रेंचांना मासे पकडायचा आणि किनाऱ्यावर आणून सुकवायचा हक्क होता, १७१३ च्या उत्रेख्तच्या तहापासून. मासा म्हणजे तिकडे कॉड. पुढे शेवंडीचे डबे भरायचे कारखाने निघाले आणि वाद पेटला. तिथले लोक म्हणायचे, तहात मासा लिहिलाय आणि शेवंड हा मासाच नाही. फ्रेंच म्हणायचे, पाण्यातून येतो तो मासा. हे भांडण वर्षानुवर्षं दोन सरकारांत चाललं. १८९० मध्ये तात्पुरती तडजोड केली, ती दर वर्षी वाढवत नेली.

८ एप्रिल १९०४ ला फ्रान्सनं हा किनारा सोडला. बदल्यात त्यांना पश्चिम आफ्रिकेत गांबिया आणि नायजेरियाच्या बाजूला जमीन आणि गिनीसमोरची काही बेटं मिळाली. मोठा सौदा होता इजिप्त तुमचं, मोरोक्को आमचं, हा. पण दोनशे वर्षांचं दुखणं म्हणाल तर हे.

(मालवणात कोणी शेवंडीला मासा म्हणालं तर आजी अजूनही हसते. तिच्या मते ते "जिन्नस" आहेत.)

नकाशेवेडा

@कोळंबी_करी, हे ठाऊक होतं पण शेवंडीच्या अंगानं कधी बघितलं नव्हतं. त्या कराराचा मजकूर वाचला तर असाच आहे. इजिप्त, मोरोक्को, मच्छीमारी, सयाम, मादागास्कर. सैन्याबद्दल अवाक्षर नाही, जर्मनीचं नाव नाही. जाहीर न केलेली काही कलमं होती, ती १९११ मध्ये बाहेर आली. तीही मोरोक्को-इजिप्तचीच.

हल्लीच_हलमध्ये

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं इंग्लंडातल्या हल शहरात राहतेय. हेसल रोडवर एका कोळ्याचा पुतळा आहे, हात वर केलेला. बाजारात जाताना रोज दिसायचा. मला वाटलं वादळात बुडाला असेल. एकदा थांबून पाटी वाचली.

१९०४ च्या ऑक्टोबरची २१-२२ तारखेची रात्र. हलच्या मासेमारी बोटी उत्तर समुद्रात डॉगर बँकवर जाळी टाकून उभ्या. रशियाचं बाल्टिक आरमार जपानशी लढायला निघालेलं. त्यांना अंधारात ह्या बोटी जपानी टॉर्पेडो बोटी वाटल्या. जपानी, उत्तर समुद्रात! तोफा डागल्या. 'क्रेन' नावाची बोट बुडाली, दोन कोळी जागीच गेले. गोंधळात रशियन जहाजांनी एकमेकांवरही गोळे टाकले.

आता बघा कसा पेच होता. १९०२ पासून इंग्लंड जपानचा दोस्त. फ्रान्स रशियाचा दोस्त. आणि इंग्लंड-फ्रान्सची दिलजमाई होऊन जेमतेम सहा महिने झालेले. इंग्लंड-रशिया भिडले असते तर फ्रान्सची अवस्था बायको आणि आईच्या मध्ये सापडल्यासारखी. म्हणून फ्रान्सनं धावपळ करून प्रकरण चौकशी आयोगाकडे नेलं. बैठका पॅरिसमध्येच झाल्या. रशियानं ६६,००० पौंड भरपाई दिली.

ते आरमार पुढे आफ्रिकेला वळसा घालून गेलं आणि मे १९०५ मध्ये त्सुशिमाला जवळपास सगळं बुडालं.

दादरकर_नाना

लेख उत्तम. पण "वसाहतीत भांडण, युरोपात करार" हा रस्ता एकतर्फी नाही. उलटही व्हायचं, आणि त्याची किंमत आपल्या पलटणींनी मोजली आहे.

१८७८. रशियन फौज इस्तंबूलच्या वेशीवर. इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायलीनं रशियाला दम द्यायला सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजात चढवून माल्टाला नेले. हिंदी पलटण युरोपात आणून दाखवायचा तो प्रकार नवाच होता. रशियानं जवाब दिला तो तिकडे नाही, इकडे! जनरल स्तोल्येतोव्हचं शिष्टमंडळ काबूलला धाडलं. ते पोचलं २२ जुलैला. बर्लिनचा तह १३ जुलैलाच होऊन गेलेला, म्हणजे भांडणच मिटलेलं. पण व्हाइसरॉय लिटननं तेव्हाच्या अमीर शेर अलीकडे हट्ट धरला, रशियन आले तर आमचाही वकील घ्या. अमीरानं खैबरवर अडवलं आणि नोव्हेंबरात दुसरं अफगाण युद्ध.

त्या युद्धात २७ जुलै १८८० ला मैवंदला जो धुव्वा उडाला तो प्रामुख्यानं मुंबई लष्कराच्या ब्रिगेडचा. पहिली बॉम्बे ग्रेनेडिअर्स, तिसावी बॉम्बे इन्फंट्री आणि गोऱ्यांची ६६ वी. अडीच हजारांतले नऊशेच्या वर मेले.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये कधी गेलात तर जरूर बघा. ते पहिल्या अफगाण युद्धाचं स्मारक, तेही रशियाच्या धास्तीनंच झालेलं. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. लेख असा की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत, साधे शिपाई इतके गेले की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथंच उभा होतो. बाहेर बेस्टच्या बसचा कंडक्टर घंटी मारत होता.

तिरकस

सगळे चहा पीत कथा सांगताय, पण खोलीतला सर्वांत जाडा माणूस कुणी बघत नाही. जर्मनी! १८९८ आणि १९०० चे नौदल कायदे केले नसते तर इंग्लंडला कुणाशी दिलजमाई करायची गरज होती का? वसाहतींची भांडणं शंभर वर्षं होती. ती १९०४ आणि १९०७ मध्येच का मिटली? कारण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दारात उभा होता.

नकाशेवेडा

@तिरकस, मुद्दा वजनदार आहे, अर्धा मान्य. पण क्रम बघा. १९०२ चा जपानशी करार रशियाच्या भीतीनं झाला. सही करणारा परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन हा आपलाच माजी व्हाइसरॉय, १८८८ ते १८९४. त्याच्या डोक्यात रशिया म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. १९०४ चा व्यवहार इजिप्तच्या तिजोरीवर फ्रेंचांची आडकाठी होती ती काढायला. ह्या दोन्हींत जर्मन आरमार फार तर पडद्यामागे.

जर्मनीनं खरं काम केलं ते नंतर, आणि उलट्या बाजूनं. ३१ मार्च १९०५ ला कैसर टँजिअरला उतरला आणि मोरोक्कोच्या सुलतानाला पाठिंबा जाहीर केला. हेतू असा की इंग्लंड मदतीला येत नाही हे फ्रान्सला दिसावं. झालं भलतंच. देल्कासेची खुर्ची गेली खरी, पण जानेवारी १९०६ पासून इंग्रज आणि फ्रेंच सेनाधिकारी गुपचूप नकाशे उघडून बसायला लागले. नुसत्या खरेदीखताला लग्नाचा रंग कैसरनं चढवला. हे तुमच्या बाजूचं म्हणा हवं तर.

तिरकस

अर्ध्यावर समाधान मानतो. उरलेलं अर्धं बगदाद रेल्वेच्या धाग्यावर वसूल करीन.

मिरजमळा

इटलीचं कुणी घेतलं नाही म्हणून दोन ओळी. १८८१ मध्ये फ्रान्सनं ट्युनिस गिळलं, ज्यावर इटलीचा डोळा होता. रागाच्या भरात इटली १८८२ मध्ये जर्मनीबरोबर ऑस्ट्रियाच्याही पंगतीला जाऊन बसला. ज्या ऑस्ट्रियाशी लढून हा देश उभा राहिला, त्याच्याच! १९१५ मध्ये उठला आणि समोरच्या पंगतीत गेला. तिथे जास्त वाढणार होते.

फोंड्याचो

गोव्याकडून एक. १८९८ च्या ऑगस्टात इंग्लंड आणि जर्मनीनं एक गुपचूप करार केला. पोर्तुगाल कर्जबाजारी, त्याला पैसे द्यायचे आणि तारण म्हणून अंगोला, मोझांबिक आणि तिमोर. बुडाला तर वाटून घ्यायचं. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १८९९ मध्ये, त्याच इंग्लंडनं पोर्तुगालला जुन्या मैत्रीची नव्यानं हमी दिली. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध नुकतंच पेटलं होतं, आणि मोझांबिकच्या बंदरातून बोअरांकडे शस्त्रं जाऊ द्यायची नव्हती. वाटणीच्या यादीत गोव्याचं नाव नव्हतं. पण फ्रेंच आणि टिपूच्या धास्तीनं १७९९ पासून १८१३ पर्यंत गोव्यात इंग्रजी फौज येऊन बसलीच होती. यजमानाला जेवण जाईना, पाहुणा हलेना.

पेठेतला_पेशवा

अवांतर होईल, पण पुण्याला ह्या खेळात नवखं समजू नका. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच पुण्याला आला. नाना फडणविसांनी त्याला थाटात ठेवून घेतलं. फ्रेंचांना चौल बंदर हवं होतं. नानांनी खरंच देण्याइतकं मनावर घेतलं होतं का, शंका आहे. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला पाहिजे, एवढा उपयोग त्यांना पुरे होता. आणि आला. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये जे झालं त्याच्या कारणांत हाही फ्रेंच आहेच.

केशर_पिस्ता

१९०७ च्या इंग्लंड-रशिया कराराबद्दल धागालेखक लिहितील म्हणून थांबले होते, आता मीच लिहिते. पंजदेह आणि वाखानचा शेवट तिथे होतो.

३१ ऑगस्ट १९०७, सेंट पीटर्सबर्ग. इंग्रज राजदूत निकल्सन आणि रशियन परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की ह्यांच्या सह्या. तीन विषय: इराण, अफगाणिस्तान, तिबेट. युरोपचा उल्लेखही नाही. इराणचे तीन तुकडे पाडले. उत्तर रशियाकडे, आग्नेय इंग्लंडकडे, मधला भाग मोकळा. आणि हे इराणात नुकतीच राज्यघटना होऊन मजलिस (संसद) भरली असताना, तिला न विचारता.

रेघा कुठून गेल्या ते बघा. रशियाची रेघ इस्फहान आणि यज्दवरून. इंग्लंडची बिरजंद, केरमानवरून बंदर अब्बासला. यज्द आणि केरमान! मुंबई-पुण्यात ज्यांच्या हातचा बनमस्का खाऊन आपण मोठे झालो, त्या इराण्यांची ही गावं. एक गाव रशियाच्या रेघेवर, दुसरं इंग्रजांच्या.

इंग्रजांनी आग्नेयेचं वाळवंट का घेतलं? हिंदुस्थानची वाट राखायला. आणि नऊ महिन्यांत, मे १९०८ मध्ये, तेल लागलं ते मस्जिद सुलेमानला. म्हणजे मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात! १९१५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो पट्टाही त्यांनी रशियाकडून लिहून घेतला.

कर्झननं १९०८ च्या सुरुवातीला लॉर्ड्समध्ये ह्या करारावर झोड उठवली. आपण बरंच दिलं, मिळवलं काहीच नाही, असा सूर. इराणी लोकांचंही म्हणणं तेच होतं, फक्त देणारे ते होते.

दुपारची_डुलकी

जपानच्या करारावरून आठवलं. त्सुशिमानंतर आपल्याकडे केवढा आनंद झाला होता ना? आशियाई देशानं गोऱ्याला हरवलं म्हणून?

नकाशेवेडा

झाला होता. आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला जपाननं इंग्लंडशी करार नव्यानं केला, त्यात हिंदुस्थानचं रक्षणही घातलं. रशिया सरहद्दीवर आला तर जपान इंग्रजांच्या बाजूनं. १९१५ मध्ये सिंगापूरला हिंदी पलटणीनं बंड केलं तेव्हा ते मोडायला जपानी खलाशी उतरलेही होते.

@केशर_पिस्ता, इतकं छान मांडलंत की मी फक्त अफगाणिस्तानचा तुकडा जोडतो. करारातच एक अट होती: अफगाणिस्तानबद्दलची कलमं अमीराची संमती आल्यावर लागू होतील. अमीर हबीबुल्ला त्याच वर्षाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात व्हाइसरॉय मिंटोचा पाहुणचार घेऊन गेला होता. त्याला वाटाघाटींबद्दल कुणी बोललं नव्हतं. सह्या झाल्यावर पत्र गेलं. उत्तराला जवळपास वर्ष लागलं आणि त्यात होकार नव्हता. मग दोन्ही सरकारांनी आपसात ठरवलं की करार लागू आहे असं धरून चालू.

हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सही नसली तरी चालतं?" तिच्या सहलीच्या फॉर्मवर माझी सही चार दिवस राहिली आहे. आलोच.